फळी कुणी काढली?

प्रति,
मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांवरील नव्या कराराच्या वाटाघाटींत भारतातर्फे बोलणारे सदस्य,
विधी व करार विभाग, परराष्ट्र मंत्रालय, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

मी मुंबईत फौजदारी वकिली करते, २२ वर्षं झाली. हेगचं न्यायालय मी फोटोतच पाहिलंय. माझा रस्ता चर्चगेटला उतरून ओव्हल मैदानाच्या कडेने हायकोर्टाकडे जातो, नाहीतर लोकल धरून उपनगरातल्या मॅजिस्ट्रेट कोर्टाकडे. आंतरराष्ट्रीय कायद्यातलं आम्हाला शिकवणारी ही कोण, असं तुमच्या मनात आलं तर ते रास्तच आहे. पण ज्या कलमावर तुम्ही येती काही वर्षं बसणार आहात, त्यातला प्रश्न माझ्या बोर्डावर दर आठवड्याला असतो.

४ डिसेंबर २०२४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठरवलं की मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांवर, म्हणजे सामान्य नागरिकांवरच्या व्यापक किंवा पद्धतशीर हल्ल्यातल्या खून, छळ, बलात्कार अशा गुन्ह्यांवर, स्वतंत्र करार करायचा. त्यासाठीची परिषद २०२८ आणि २०२९ मध्ये भरायची आहे. पुढ्यात आहे तो आंतरराष्ट्रीय विधी आयोगाचा २०१९ चा मसुदा. त्याच्या सहाव्या अनुच्छेदाचा तिसरा परिच्छेद वरिष्ठांच्या जबाबदारीचा. हाताखालची माणसं असे गुन्हे करताहेत किंवा करण्याच्या बेतात आहेत हे ज्याला माहीत होतं, किंवा माहीत व्हायला पुरेसं कारण होतं, आणि तरी ज्याने ते रोखण्यासाठी, किंवा होऊन गेल्यावर करणाऱ्यांना शिक्षा व्हावी म्हणून, हातात असलेले आवश्यक आणि वाजवी उपाय केले नाहीत, तो वरिष्ठ फौजदारी गुन्ह्याला जबाबदार. वाचायला सरळ. पण त्याने हाताची घडी घालून बसणं आणि गुन्हा घडणं यांचा एकमेकांशी काही संबंध लागायला हवा की नको, यावर मसुदा चकार शब्द काढत नाही. माझं पत्र त्या न काढलेल्या शब्दाबद्दल आहे.

इंग्रजी प्रत टपालाने वेगळी पाठवली आहे. मराठीत अशासाठी लिहिते की हा वाद इंग्रजीच्या कपाटात कुलूपबंद राहिला की बाकीच्यांना वाटतं, मोठ्या लोकांचं काहीतरी चाललंय. मुळात प्रश्न चाळीतल्या नळावर विचारतात तोच आहे: पाणी कुणामुळे गेलं?

आधी एक केस सांगते. कुणाची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

उपनगरात एका टॉवरचं काम चाललं होतं. अकराव्या मजल्यावर लिफ्टच्या डक्टच्या तोंडाशी आडवी फळी ठोकलेली, माणूस आत जाऊ नये म्हणून. एका हेल्परने डेब्रिजच्या गोण्या सोडायला ती काढली, गोण्या सोडल्या, फळी भिंतीला टेकवली आणि चहाला गेला. दहा मिनिटांत दुसरा कामगार प्लायची शीट दोन्ही हातांनी धरून मागे मागे सरकत आला. डक्टमध्ये खाली जाळी बांधायची असते, ती कुठेच नव्हती. विकत आणली होती. तळमजल्यावर गुंडाळी पडलेली होती आणि तिच्यावर सिमेंटची धूळ बसली होती, हे पंचनाम्यात आहे. साइटच्या रजिस्टरमध्ये सुपरवायझरने दोनदा लिहिलं होतं, ‘डक्टची जाळी बांधणे बाकी’. दोन्ही नोंदींखाली ठेकेदाराची सही.

आरोपी दोघे. हेल्पर आणि ठेकेदार. ठेकेदाराची वकील मी.

उलटतपासणीत सुपरवायझरला मी बरेच प्रश्न विचारले, कामाचा एकच. जाळी बांधलेली असती तर मयत वाचलाच असता, असं तुम्ही शपथेवर सांगू शकता का? तो थांबला. आधी न्यायाधीशसाहेबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाला, ‘वाचलाच असता असं कसं सांगू, मॅडम?’ मी खाली बसले. केस तिथेच संपली होती, बाकी सगळं टायपिंग. ठेकेदार निर्दोष सुटला. हेल्परला सहा महिने.

व्हरांड्यात मयताचा भाऊ भेटला. जुलै महिना, जिन्याखाली बादली लावलेली, सगळीकडे ओल्या छत्र्या. त्याला वाटलं मीच सरकारी वकील. ‘म्हणजे सगळं पोरानंच केलं का?’ हे त्याने रागाने विचारलं नव्हतं, त्याला खरंच कळून घ्यायचं होतं. तो हेल्पर त्यांच्याच गावचा होता. मयतानेच त्याला कामावर आणलं होतं.

युक्तिवादाच्या दिवशी मी ज्या निवाड्यावर उभी होते तो याच शहराचा आहे. १९०२ साली ओंकार रामप्रताप याच्या खटल्यात मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेन्किन्स यांनी सांगितलं की हयगयीने मृत्यू घडवल्याचा गुन्हा लावायचा तर मृत्यू हा आरोपीच्या कृत्याचा थेट परिणाम हवा आणि मध्ये दुसऱ्या कुणाची हयगय आलेली नसावी. ते कृत्य ‘कॉजा कॉजान्स’ हवं. ‘कॉजा साइनी क्वा नॉन’ असून भागत नाही. पहिलं म्हणजे घडवून आणणारं कारण. दुसरं म्हणजे ज्याच्यावाचून ते घडलं नसतं, एवढंच. गेली सव्वाशे वर्षं हे वाक्य देशभरातल्या कोर्टांत आम्ही बचावाचे वकील ढालीसारखं वापरतो. भारतीय दंड संहितेचं ३०४-अ जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आलं, ढाल तीच.

ती वाईट आहे असं मी म्हणत नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, तर कावळ्याला फाशी देता येत नाही. ढाल नसती तर अपघाताच्या दिवशी साइटवर हजर असलेला वॉचमनसुद्धा पिंजऱ्यात उभा असता. माझी तक्रार ‘मध्ये दुसऱ्याची हयगय नको’ या अटीबद्दल आहे. मजुरीच्या जगात मध्ये कुणीतरी असतोच. वरपासून खालपर्यंत उतरंड असते आणि शेवटचा हात नेहमी सर्वांत गरीब माणसाचा. ज्याच्या हाती ससा तो पारधी, हा न्याय शिकारीपुरता ठीक आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये कुर्बान हुसेन रंगवाला यांच्या खटल्यात हेच वाक्य उचललं. तोही मुंबईतलाच रंग-व्हार्निशचा कारखाना. तापवलेलं मिश्रण पुरेसं थंड होण्याआधी एका कामगाराने त्यात टर्पेंटाइन ओतलं, फेस उतू गेला, आग लागली, सात कामगार गेले. ज्या खोलीत व्हार्निश आणि टर्पेंटाइनचा साठा, त्याच खोलीत भट्टी पेटवायची मुभा व्यवस्थापक रंगवालाने दिली होती. न्यायालयाने त्याला मृत्यूंच्या आरोपातून सोडलं, कारण मृत्यूचं थेट कारण घाईने ओतलेलं टर्पेंटाइन. पण आगीशी हयगय केल्याची त्याची शिक्षा मात्र कायम ठेवली. आम्ही वकील या निवाड्याचा पहिला अर्धा भाग तोंडपाठ म्हणतो आणि दुसरा विसरतो. मीही त्या दिवशी पहिलाच वाचून दाखवला होता. तुमच्याकडे मला जे मागायचंय ते त्या विसरलेल्या अर्ध्यात आहे. त्याकडे येते, पण आधी हेगला जाऊन.

तिथे गेलं की जेन्किन्ससाहेबांचं वाक्य पहिल्याच पायरीवर अडखळतं. जुलै १९९५, बोस्नियातलं स्रेब्रेनिका सर्ब सैन्याच्या हाती पडल्यानंतरचे दिवस. पिलित्साजवळच्या ब्रान्येवो नावाच्या शेतावर बसगाड्या येत होत्या आणि उतरवलेल्या माणसांना दहा-दहाच्या गटाने उभं करून गोळ्या घातल्या जात होत्या. गोळ्या घालणाऱ्यांत द्राझेन एर्देमोविच नावाचा २३ वर्षांचा सैनिक होता. त्याने आधी नकार दिला. त्यावर त्याला सांगण्यात आलं की दया येत असेल तर त्यांच्या रांगेत जाऊन उभा राहा. तो राहिला नाही. त्या दिवशी तिथे सुमारे १२०० माणसं मारली गेली आणि आपल्या हातून सत्तरएक गेली असावीत, हा अंदाज त्याने स्वतःच हेगच्या न्यायाधिकरणाला दिला, जे युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठी संयुक्त राष्ट्रांनी नेमलं होतं. त्याच्याविरुद्धचा मुख्य पुरावा त्याचाच कबुलीजबाब होता.

आता त्याला माझा प्रश्न विचारा. तू गोळी घातली नसतीस तर ती माणसं वाचली असती का? नाही. पथकातला दुसरा कुणीतरी पुढे झाला असता. आणि हेच उत्तर पथकातल्या प्रत्येकाला देता येतं. पथकात कितीही जण असोत, एकाच्याही नकाराने काही थांबत नाही, म्हणजे ‘याच्यावाचून घडलं नसतं’ ही कसोटी सगळ्यांनाच सोडून देते आणि मेलेले १२०० कुणीच मारलेले नाहीत असं निघतं. अपिलात ऑक्टोबर १९९७ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी ठरलं की निरपराध माणसं मारताना जिवाच्या धमकीचा बचाव पुरता धावून येत नाही, शिक्षा कमी करायला तेवढा उपयोगी. न्यायमूर्ती अंतोनियो कासेझे यांनी वेगळं मत दिलं. मारले जाणारे तसेही मारले जाणारच होते ही गोष्ट धमकीच्या बचावात मोजायला हवी, असा त्यांचा मुद्दा. दोन्ही मतं वाचून मी बराच वेळ खिडकीशी बसले होते. कासेझे मला माणूस म्हणून पटतात, वकील म्हणून त्यांची भीती वाटते. शेवटी मार्च १९९८ मध्ये एर्देमोविचला पाच वर्षं झाली.

म्हणजे शेवटच्या हाताच्या बाबतीतसुद्धा आंतरराष्ट्रीय कायद्याला ‘त्याच्यावाचून’ची कसोटी चालवता आली नाही. हातापासून लांब असलेल्या माणसाचं काय? हॅम्बुर्गमध्ये मार्च १९४६ ला ब्रिटिश लष्करी न्यायालयापुढे ब्रूनो टेश उभा होता. कीटकनाशक वायूचा व्यापारी. त्सिक्लॉन बी नावाचा तो वायू एल्बे नदीच्या पूर्वेला पुरवण्याचा हक्क त्याच्या कंपनीकडे, म्हणून आउश्वित्झचं गिऱ्हाईक त्याचं. त्या नाझी मृत्युछावणीत याच वायूने माणसं मारली जात होती. टेश आणि त्याचा दुय्यम कार्ल वाइनबाखर दोघांना फाशी झाली. तिसरा आरोपी, तंत्रज्ञ योआकिम द्रोसिन, सुटला, कारण पुरवठ्यावर त्याची हुकमत नव्हती. डबा उघडून आत टाकणारे हात यांतल्या कुणाचेच नव्हते. डबा यांनी दिला नसता तर दुसऱ्याने दिला असता हेही उघड आहे. न्यायालयाने पाहिलं ते हे की माल कशासाठी जातोय हे कुणाला माहीत होतं आणि तो थांबवणं कुणाच्या हातात होतं.

पुढे युगोस्लाव्हियाच्या न्यायाधिकरणाने १९९८ च्या फुरुंजिया निकालात याला शब्द दिले. मदत करणाऱ्याची मदत गुन्ह्याचं अनिवार्य कारण असायला नको, तिचा गुन्ह्यावर ठळक परिणाम झाला की पुरे. हे माप बऱ्यापैकी टिकलं. मध्ये २०१३ च्या फेब्रुवारीत युगोस्लाव्ह सैन्याचा माजी प्रमुख पेरिशिच याच्या अपिलात ‘मदत नेमकी गुन्ह्याच्या दिशेने हवी’ अशी जादा अट घालून त्याला सोडण्यात आलं. त्याच वर्षी सप्टेंबरात सिएरा लिओनच्या विशेष न्यायालयाने ती अट नाकारून लायबेरियाचा माजी अध्यक्ष चार्ल्स टेलर याची पन्नास वर्षं कायम केली. पुढच्या जानेवारीत खुद्द युगोस्लाव्हियाच्या अपील पीठानेही ती झटकली. एवढं सांगून पुढे जाते, कारण तुमच्या मसुद्याची अडचण मदत करणाऱ्याची नाही. काहीच न करणाऱ्याची आहे.

काहीच न करण्याने काही घडतं का? आमच्याकडे अपप्रेरणेच्या, म्हणजे गुन्ह्याला चिथावण्याच्या किंवा मदत करण्याच्या, व्याख्येत बेकायदा अकृती (करायचं ते न करणं) आधीपासून बसलेली आहे, तेव्हा ‘काही केलंच नाही तर गुन्हा कसला’ हा युक्तिवाद आपल्या मातीत रुजत नाही. पण अकृतीचा माग काढणं अवघड. फळी काढताना कुणीतरी बघतो. जाळी न बांधताना कुणी बघत नाही.

बोस्नियातल्या चेलेबिची छावणीच्या खटल्यात, नोव्हेंबर १९९८ मध्ये, युगोस्लाव्हियाच्या न्यायाधिकरणाने हा गुंता एका फटक्यात सोडवला. तिथे बंदिवानांचे हाल आणि खून झाले होते; छावणीचा प्रमुख झ्द्राव्को मुचिच वरिष्ठ म्हणून दोषी ठरला. बचावाने म्हटलं, त्याच्या गप्प बसण्यामुळेच हे घडलं असं सिद्ध करा. न्यायाधीशांचं उत्तर मार्मिक होतं. कायदा वरिष्ठाला दोन कर्तव्यं सांगतो, आधी रोखणं आणि नंतर शिक्षा करणं. मंगळवारी शिक्षा केली नाही म्हणून सोमवारचा खून झाला, असं कसं होईल? ज्या अर्थी शिक्षा न करण्याबद्दलही वरिष्ठ जबाबदार धरला जातो, त्या अर्थी कार्यकारणसंबंध ही या जबाबदारीची वेगळी अट नाहीच.

तर्क देखणा आहे, आणि माझ्या मते चुकलेला. मंगळवारच्या कसुराला सोमवारचं कारण लागू पडत नाही हे खरं. पण त्यावरून सोमवारच्या कसुरालाही कारण नको, हे कसं निघालं? दुसऱ्या खोलीला खिडकी नाही म्हणून पहिलीचीही बुजवून टाकली.

रोमच्या संविधीत, म्हणजे हेगचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्या करारावर उभं आहे त्यात, मात्र १९९८ सालीच तीन शब्द घातले गेले. अठ्ठाविसावा अनुच्छेद म्हणतो की गुन्हे वरिष्ठाने नीट नियंत्रण न ठेवल्या‘चा परिणाम म्हणून’ घडलेले असावेत. त्या तीन शब्दांची परीक्षा व्हायला जाँ-पिएर बेंबाची केस यावी लागली. काँगोतला हा नेता. त्याचे सैनिक २००२-०३ मध्ये शेजारच्या मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात गेले आणि तिथे खून, बलात्कार, लूट करत सुटले. बेंबा बहुतेक काळ सीमेपलीकडे. जून २००९ मध्ये आरोप निश्चित करताना पूर्व-सुनावणी पीठाने म्हटलं की अट फक्त रोखण्याच्या कर्तव्याला लागू, आणि माप असं की वरिष्ठाच्या कसुराने गुन्हा घडण्याचा धोका वाढला हे दाखवलं की पुरे. मार्च २०१६ मध्ये दोषी ठरवताना सुनावणी पीठ सावध झालं. नीट नियंत्रण असतं तर हे गुन्हे ज्या परिस्थितीत घडले तसे घडलेच नसते, एवढं सिद्ध झालं तर अट नक्कीच पुरी होते, पण एवढं लागतंच असंही नाही, अशी मांडणी केली. दोन न्यायाधीशांनी स्वतंत्र टिपणं जोडून आपापली मापं सांगितली. १८ वर्षांची शिक्षा झाली. ८ जून २०१८ रोजी अपिलात तीन विरुद्ध दोन मतांनी बेंबा सुटला, तोही वेगळ्या मुद्द्यांवर: आरोपांची व्याप्ती, आणि परक्या देशातल्या सैन्यावर दुरून काय उपाय करणं शक्य होतं. कार्यकारणाचा निकाल लागायचा राहिला तो राहिलाच.

आता तुमचा मसुदा. विधी आयोगाने रोमची लांबलचक रचना सोडून जुन्या न्यायाधिकरणांची आटोपशीर भाषा घेतली. आटोपशीरपणाच्या नादात ते तीन शब्दही गेले. उद्या हा करार झाला, भारत त्यात गेला, आणि आपल्याला त्याप्रमाणे देशी कायदा करावा लागला, तर कोऱ्या जागेत काय भरायचं हे आमची सेशन्स कोर्टं ठरवतील. ती जेन्किन्ससाहेबांकडे जाणार, कारण हाताशी तेच आहे. आणि मग सगळं पोरानंच केलेलं असेल.

हे काल्पनिक नाही. १७ डिसेंबर २०१८ रोजी दिल्ली हायकोर्टाने सज्जन कुमार यांना १९८४ च्या शिखांच्या हत्यांबद्दल दोषी ठरवताना लिहिलं की मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि वंशसंहार आपल्या फौजदारी कायद्यात नाहीत आणि ही पोकळी तातडीने भरायला हवी. आमच्या मुंबईलाही हे नवीन नाही. १९९२-९३ च्या दंगलींवर न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने पोलिसांच्या वागण्याबद्दल बरंच लिहून ठेवलं. पण चौकशी आयोग माहिती देतो, शिक्षा देत नाही. वर बसून काही न करणाऱ्याला नेमकं कोणत्या कलमाखाली आणायचं, हे त्या अहवालाच्या वाचकाला तेव्हाही कळलं नव्हतं.

तर माझं मागणं. रंगवाला निकालाच्या विसरलेल्या अर्ध्यात जे झालं ते करा: दोन कप्पे.

ज्या वरिष्ठाने गुन्हा रोखायचा होता आणि रोखला नाही, त्याला त्या गुन्ह्यासाठीच जबाबदार धरायचं असेल, म्हणजे खुनासाठी खुनी म्हणून, तर त्याच्या कसुराचा त्या खुनाशी संबंध दाखवा. मात्र माप ‘वाचलाच असता का’ हे नको. माप हे की त्याने आपलं काम न केल्याने ते घडण्याचा धोका उघडपणे वाढला का. पूर्व-सुनावणी पीठाने २००९ मध्ये दिलेलं माप मला आजवरच्या सगळ्यांत कामाचं वाटतं. सुपरवायझर ‘वाचलाच असता’ असं शपथेवर सांगू शकला नाही. जाळी नसल्याने धोका वाढला का, असं त्याला कुणी विचारलं असतं तर तो क्षणभरही थांबला नसता. ते विचारणं सरकारी वकिलाचं काम होतं आणि त्यांनी ते विचारलं नाही, हे खरं. पण कायद्यातच तो प्रश्न लिहिलेला असता तर त्यांना सुचायची वाट बघावी लागली नसती.

आणि ज्याने नंतर शिक्षा केली नाही, किंवा ज्याच्या कसुराने धोका वाढल्याचं दाखवता येत नाही, त्याला त्याच्या स्वतःच्या नावाच्या गुन्ह्याखाली आणा. कर्तव्यात कसूर. दुसऱ्याच्या खुनाचं लेबल नको, पण मोकळंही सोडायला नको. जर्मनीने २००२ च्या आपल्या कायद्यात हे वेगवेगळ्या कलमांत विभागलं आहे: रोखलं नाही ते एका ठिकाणी, देखरेखीतली कसूर दुसऱ्या, कळवलं नाही ते तिसऱ्या. जुनी न्यायाधिकरणं कागदावर एकच लेबल लावायची आणि शिक्षेच्या आकड्यात फरक करायची. हाजिहासानोविच या बोस्नियन जनरलला हाताखालच्यांच्या अत्याचारांबद्दल अपिलानंतर, २००८ मध्ये, साडेतीन वर्षं राहिली. साडेतीन वर्षं ही खुनाची शिक्षा नव्हे हे न्यायाधीशांना कळत होतं. कलमात ते म्हणायची सोय नव्हती.

दोन मापं म्हणजे दुटप्पीपणा, असं कुणी म्हणेल. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तर ती एकाच निकालात वापरली आहेत. २६ फेब्रुवारी २००७ च्या बोस्निया विरुद्ध सर्बिया निकालात स्रेब्रेनिकाबद्दल ते म्हणतं की वंशसंहार रोखण्याचं कर्तव्य सर्बियाने मोडलं, आणि हे ठरवताना ‘आम्ही सगळं केलं असतं तरी तो थांबला नसता’ या बचावाला जागा नाही. पण नुकसानभरपाईची वेळ आली तेव्हा म्हटलं की सर्बियाने काम केलं असतं तर वंशसंहार टळला असता हे पुरेशा खात्रीने दिसत नाही, म्हणून पैसे नाहीत. राज्यांच्या जबाबदारीचा निकाल तो, माणसांच्या शिक्षेचा नाही. तरी विचार उसना घेण्यासारखा आहे. भरपाई नाकारणं मला खटकतं. कप्पे वेगळे ठेवणं नाही.

आणि कार्यकारण मुळीच नको असेल तर तसंही स्पष्ट लिहिता येतं, त्याची सवय या कायद्याला आहे. वंशसंहाराची थेट व जाहीर चिथावणी दिली की गुन्हा पुरा होतो, पुढे कुणी ऐको न ऐको. रवांडाच्या प्रसारमाध्यमांच्या खटल्यात, नोव्हेंबर २००७ च्या अपिलात, ‘कांगुरा’ या नियतकालिकाचा संपादक न्गेझे याची चिथावणीबद्दलची शिक्षा टिकली. पण त्याच छापील मजकुराने १९९४ च्या हत्यांना ठळक हातभार लावला हे पुराव्याने दिसत नाही, असंही त्याच निकालात आहे. तोच कागद, तेच शब्द, दोन गुन्हे. एकाला परिणाम लागतो, दुसऱ्याला नाही. शिक्षा जन्मठेपेवरून ३५ वर्षांवर आली. आरोपीला कळलं की आपल्याला नेमकं कशासाठी आत ठेवलंय. तुमच्या मसुद्यातल्या वरिष्ठाला ते कळणार नाही.

मी बचावाची वकील, तेव्हा कारणसंबंधाची अट मागण्यात माझा धंदा आहेच, असं तुम्ही म्हणाल. आहे. पण धोक्याचं माप मागण्यात माझं नुकसानही आहे. ते माप असतं तर ती केस मी हरले असते.

एक गाठ माझ्याच्याने सुटलेली नाही. दूर बसलेल्या वरिष्ठाचा धोका कसा मोजायचा? साइटवर रोज येणारा ठेकेदार आणि वाशीच्या ऑफिसात बसून बिलं पास करणारा त्याचा मालक, जाळी दोघांनीही बांधली नाही. बेंबाच्या अपिलात बहुमताला हीच दूरता वजनदार वाटली. मला वाटतं दूरता हा उपायांचा प्रश्न आहे, म्हणजे त्याच्या हातात काय होतं याचा, आणि तो कार्यकारणात कालवू नये. पण त्याची नेमकी शब्दरचना मला जमलेली नाही. तुमच्यात माझ्याहून जाणती माणसं आहेत. परिच्छेदाचा सुचवलेला मजकूर इंग्रजी प्रतीला जोडला आहे, तिथे ही जागा मुद्दाम कोरी सोडली आहे.

आपली,
फोर्टातली एक फौजदारी वकील
मुंबई